पंखा कोंबड्यांना, बोल मला

“माझ्यावर नको ओतू, आक्का. तिच्या पायांवर ओत.” एवढं म्हणालीस. तुझं शेवटचं धड बोलणं ते.

मी कळशी घेऊन तुझ्यासमोर उभी होते. तू कांदाचाळीच्या खांबाला पाठ टेकून, पाय पसरून बसलेली. मांडीवर तुझी तांबडी कोंबडी चोच उघडी टाकून धापत होती. तुझा चेहरा भाजलेल्या विटेसारखा लाल आणि कोरडाठाक. वैशाखाच्या दुपारी माणसाच्या अंगावर घामाचा थेंब नाही म्हणजे काय ते मला कळलं. तुला कोंबडीशिवाय काही कळत नव्हतं. मी तुझं ऐकलं नाही, सगळी कळशी तुझ्या डोक्यावर रिकामी केली. तू शिवी दिलीस, ती इथे लिहीत नाही. मग तुझी मान खांबावरून एका बाजूला घसरली. हात मात्र कोंबडीवरच राहिला. मी हाका मारल्या, शेजारची मंगल धावत आली, तिच्या नवऱ्याने जीप काढली. तुझ्या हाताखालून कोंबडी सोडवायला गेले तर तिने मला चोच मारून रक्त काढलं. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. चांदवडचा फाटा यायच्या आतच तू गेलीस. डॉक्टरांनी पुढे फक्त ते तोंडाने सांगितलं.

सिंधू, हे मी रागाने लिहितेय. दहाव्याला माइकवर चार जण तुझ्याबद्दल बोलले. एक म्हणाला मायाळू, एक म्हणाला सोशिक. एका पुढाऱ्याने तर तुला शांताबाई करून टाकलं आणि कोणी त्याला टोकलं नाही. तू मायाळू होतीस ती कोंबड्यांपुरती, आणि सोशिक तर तू कधी नव्हतीसच. मला माइक कोणी दिला नाही. मी चौथी शिकलेय, अक्षर बरं आहे, म्हणून लिहिते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

आपण सख्ख्या जावा. सख्ख्या म्हणायचं, दुसरं सख्खं काही नव्हतं. मी थोरली, तू धाकटी. नवरे होते तोवर तू मला अहो-जाहो करायचीस. माझे गेले, पाठोपाठ तुझे गेले, आणि तू अगं-तुगंवर आलीस. मी म्हटलं बरं झालं, भांडायला सोपं. घरात मधोमध भिंत होती, पण परस एकच होतं. कांदाचाळ दोघींत एक, नळ एक, आणि कोंबड्या सगळीकडे. तुझ्या कोंबड्यांच्या पायात हिरवी चिंधी, माझ्या बिनचिंधीच्या. माझी एखादी तुझ्या डालग्यात अंडं घालून यायची. ते तू उकडून खाल्ल्यावर मला सांगायचीस, “आक्का, तुझ्या कोंबडीचं व्हतं वाटतं. जरा बारकंच निघालं.”

दोघींत बोलणं बंद असलं तरी बोलणं थांबायचं नाही. तू दाणे टाकताना तुझ्या कोंबड्यांना म्हणायचीस, “या गं बायांनो, पोटभर खा. काही लोकांची मूठच उघडत नाय, तशी नाय मी.” मी माझ्यांना सांगायचे, “लय खाऊ नका गं. लय खाल्लं की चरबी जिभेवर चढते.” तू म्हणायचीस, “आज कोण तरी सकाळपासून कुडकुडतंय, खुडूक बसलंय का काय.” कोंबड्या मान खाली घालून खात राहायच्या. लोकं लेकीला बोलून सुनेला लावतात. आपल्या दोघींत एकीलाही सून हाताशी नव्हती, म्हणून आपण कोंबड्यांवर भागवलं.

होळी झाली की भांडण खरं तापायचं. उन्हाळ्यात कोंबडी कशी जगवायची, यावर तुझं-माझं कधी पटलं नाही. एकाच गोष्टीवर पटायचं, पाणी मातीच्या परळात द्यायचं, सावलीत ठेवायचं आणि कोमट झालं की फेकायचं. बाकी सगळं उलटं. मी सांगायचे, दाणा सकाळी दे आणि ऊन उतरल्यावर दे, भर दुपारी नको, खाल्लं की अंग तापतं. तू मुद्दाम भर दुपारी टाकायचीस, का तर त्या तुझ्याकडे बघतात. मी सांगायचे, खाली भुसा जाड घालू नको, त्यांना मोकळी माती दे, खड्डा करून लोळतात, पोटाला गार लागतं. तू म्हणायचीस, “अंग मळतं त्यांचं.” टरबुजाच्या साली द्यायचीस, पाण्यात ताक घालायचीस, तेवढं बरोबर होतं. त्याबद्दल मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही, आता म्हणते. ताकाचं बरोबर होतं.

मोठं भांडण जागेचं. माझ्या कोंबड्या दुपारभर कांदाचाळीखाली. कांदा सडू नये म्हणून चाळ जमिनीपासून दोन हात उंच बांधतात, तळाला फटी ठेवतात, खालून वारा सुटतो. वर कांदा गार, खाली कोंबडी गार. आपल्या सासूबाई तिथेच कोंबड्या ठेवायच्या. त्यासाठी काही आणावं लागत नाही, काही लावावं लागत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मुंगसाने चाळीखालून तुझी एक कोंबडी ओढून नेली. तू दोन दिवस जेवली नाहीस. मग दिनूकडून पत्र्याचं खुराडं करून घेतलंस, चारी बाजूंनी पत्रा, एका अंगाला जाळी. मुंगूस जाणार नाही हे खरं, पण वाराही जाणार नाही. मी म्हटलं, “सिंधू, ही भट्टी हाय.” तू म्हणालीस, “माझी एकबी जाणार नाय आता.”

दिनू तुझा एकुलता, ओझरला कारखान्यात आहे. मला पोर झालं नाही. लहानपणी तो भिंतीच्या या बाजूला जेवायचा आणि त्या बाजूला झोपायचा. मला मोठी आई म्हणतो. माझ्या मोतीबिंदूला तोच दवाखान्यात घेऊन गेला होता. उद्या मी मेले तर मला अग्नी तोच देणार, दुसरं कोणी नाही. हे तुला चांगलं माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेव.

पाडव्याला दिनूने तुला टेबलफॅन आणला. तुझ्या खोलीवर पत्रा, वरचा पंखा जळून गेलेला, आणि फाल्गुनातच तुला एकदा चक्कर आली होती. पोराने चांगला, मोठ्या पात्यांचा पंखा आणला. तू तो थोडेच दिवस लावलास. मग एका सकाळी मी परसात आले तर पंखा खुराड्याच्या जाळीसमोर दोन विटांवर बसवलेला, वायर तुझ्या मागच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर ओढलेली, आणि आत कोंबड्या पिसं फुलवून उभ्या.

“पोरानं तुला आणलाय, खुराड्याला नाय,” मी म्हटलं. त्या दिवशी मी सरळ तुझ्याशीच बोलले, कोंबड्या मध्ये घातल्या नाहीत.

“खुराडंबी त्यानंच केलंय.”

“आणि तू काय करशील पत्र्याखाली?”

“दार उघडं टाकून झोपीन.”

“मुंगूस येईल तुला न्यायला.”

“मला नेऊन काय करंल? नुसती हाडं चावत बसंल.” हसलीस. मला हसू आलं नाही.

वरून तू खुराड्याला ओली बारदानं घातलीस. वरच्या पत्र्यावर घातलीस ते ठीक. पण तू चारी बाजूंनी लोंबती सोडलीस, जाळीवरसुद्धा, फक्त पंख्यापुरती फट ठेवलीस. मी म्हटलं, “वर ओलं कर, बाजू उघड्या ठेव. पंखा थांबला की आत वाफ धरंल. उकडून काढशील त्यांना.” तू म्हणालीस, “पंखा कशाला थांबंल?” वैशाखात आपल्याकडे लाईट जात नाही असं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यात तू तांबडी खुडूक झाली म्हणून तिच्याखाली अंडी बसवलीस. एवढ्या उन्हात अंडी बसवतं का कोणी? कोंबडी जागची हलत नाही, पाण्याला उठत नाही. तुला पिल्लं हवी होती. मी म्हणाले, “आधी तू मरशील, मग त्या.” तू म्हणालीस, “मग त्या तुलाच हायत.”

आता त्या मलाच आहेत.

त्या दुपारी लाईट गेली. मी भिंतीच्या या बाजूला झोपले होते. म्हातारी माणसं दुपारी झोपतात, त्याचं मला काही वाटत नाही. पुढचं मी पाहिलेलं नाही, मंगलने पाहिलं. ती गच्चीवर कुरडया काढायला चढली होती. तिने सांगितलं, सिंधूकाकूंनी बारदानं ओढून फेकली, आणि दोन काखेत दोन कोंबड्या घेऊन चाळीकडे पळत सुटल्या. सोडल्या, परत आल्या, परत दोन. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. तांबडीला शेवटी नेलं, ती अंड्यांसाठी खुराड्याकडे परत पळाली. पुन्हा धरून नेलं, पुन्हा पळाली. मंगलने वरून विचारलं, “काकू, आक्कांना हाक मारू का?”

तू म्हणालीस, “नको. झोपू दे म्हातारीला.”

सिंधू, या एका वाक्यावर मी कितीदा परत परत आले. मायेने म्हणालीस की खोडीने? मी उठले असते तर मी चाळीकडे बघितलं असतं, तुझ्या हिरव्या चिंधीच्या कोंबड्या माझ्या जागेत बसलेल्या पाहिल्या असत्या, आणि मी बोललेच असते. सोडणार नव्हते मी. ते तुला ऐकायचं नव्हतं. आक्काचं खरं होतं एवढं कबूल करायचं नव्हतं म्हणून तू उन्हात एकटी पळत राहिलीस. हे माझं म्हणणं. तुला खोडून काढायचं असेल तर आता उशीर झाला.

आणि जागा कोणती निवडलीस मरायला? कांदाचाळ. आपल्याकडे बाया ऊन लागू नये म्हणून कनवटीला कांदा लावून शेतात जातात. तुझ्या डोक्यावर चाळ भरून कांदा होता.

मला जाग आली ती आवाज थांबला म्हणून. खुराड्यातून दुपारभर कुरकुर यायची, ती बंद झाली. कोंबड्या एकदम गप्प झाल्या की समजावं. बाहेर आले तर खुराडं उघडं, आत तुझा कोंबडा पंख पसरून मेलेला, आणि तू खांबाला टेकलेली. तुझ्या कोंबड्या चाळीखाली माझ्या कोंबड्यांच्या मधोमध मातीत पोट लावून बसल्या होत्या.

तुझ्याबद्दल चांगलं एक लिहायचं तर ते माझ्या डोळ्याचं. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसायचं. थेंब घालायला तू यायचीस. माझं डोकं मागे ओढून, जबडा धरून, बैलाला औषध पाजावं तसे थेंब घालायचीस आणि वर म्हणायचीस, “हालू नको म्हातारे, आंधळी झालीस तर मलाच वाढावं लागंल तुला.” रोज संध्याकाळी माझ्या कोंबड्या डालग्याखाली झाकून मला मोजून सांगायचीस. मुद्दाम दोन कमी सांगायचीस. मी चिडून उठायला बघायचे, तू मला परत आडवी करायचीस आणि खूश होऊन जायचीस. पट्टी निघाली तेव्हा मी आधी कोंबड्या मोजल्या. एकही कमी नव्हती, उलट एक जास्त होती. हिरवी चिंधी नव्हती तिच्या पायात, पण चिंधीचा वळ होता.

इथपर्यंत ठीक होतं. मेलीस ते तुझ्या हट्टाने, माझा राग तेवढाच असता. पण पंख्याचं मला दहाव्याला कळलं.

तू गेलीस त्या संध्याकाळपासून शोभाचं तोंड माझ्यापासून फिरलेलं होतं. सून आहे, सासू गेलीय, मी मनावर घेतलं नाही. पण दिनूही बोलेना. माझ्यासमोरून जायचा, खाली बघून. मी म्हटलं दुःखात आहे. दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. नदी कसली, खडक. पिंड ठेवला आणि कावळा येईना. झाडावर दोन बसले होते, खाली उतरेनात. माणसं उन्हात उभी, पोरं रडायला लागलेली. मग नेहमीचं सुरू झालं. दिनू हात जोडून म्हणाला, “आई, पोरीचं शिक्षण थांबवणार नाय.” कावळा आला नाही. “आई, घर विकणार नाय.” नाही आला. मागून शोभा हळूच बोलली, पण मला ऐकू येईल इतपत, “पंख्याचं बोला कोणी तरी.”

भाऊबंदांतला एक म्हातारा माझ्याकडे वळला. “थोरल्या वहिनी, तुमच्याकडं धाकटीचं काय राह्यलं आसंल तर बोलून टाका. पंखा का काय म्हणत्यात.”

मला काही समजेना. “कसला पंखा?”

तेव्हा दिनूने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. “मोठी आई, फोनवर आई रोज सांगायची. पंखा आक्काला दिलाय, तिला रात्री दम लागतो. मी म्हणायचो, परत माग. ती म्हणायची, नको रे, म्हातारी हाय.”

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. जिचा पंखा घेतला ती उन्हाने मेली, आणि घेणारी इथे उभी.

मला दम लागत नाही, सिंधू. कधी लागला नाही. पोराने विचारलं असेल, आई पंखा लावतेस ना, आणि कोंबड्यांना लावला म्हणायची तुला लाज वाटली. ओरडला असता तो. मग सोपं नाव कोणाचं? वाईटपणाला माझंच नाव तुझ्या जिभेवर बसलेलं. एक पोरगा होता आपल्या दोघींत. तुझा पोटचा, पण माझा तेवढाच. तोही तू पंख्यापायी माझ्यापासून तोडत होतीस, आणि मरून गेल्यावर तर सांगायलाही कोणी नाही.

मी खरं का सांगितलं नाही, तर सांगून काय झालं असतं? मेलेल्या बाईच्या दहाव्याला उभी राहून म्हणायचं, हिने पंखा कोंबड्यांना लावला होता? म्हातारी वर आळ घेते म्हणाले असते. पोरं उन्हात तापत होती. उन्हाने आणखी कोणाला पाडायचं नव्हतं. मी म्हटलं, “देते. पंखा परत देते.”

कावळा तरीही आला नाही. मग कोणी तरी म्हणालं, कोंबड्यांचं बोला, तिचा जीव कोंबड्यांत होता. ते मी बोलले नाही. पंख्याचं खोटं बोलले, तेवढं पुरे. कोंबड्यांचा विषय आपल्या परसातला, घाटावरचा नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोकं सावलीत गेली. मी चोरटी ठरले ती फुकटच.

संध्याकाळी दिनू माझ्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा. “पंखा दे मोठी आई. शोभा थांबलीय.”

“खुराड्यात हाय,” मी म्हटलं.

“खुराड्यात कशाला ठेवला?”

“जाऊन बघ.”

तो गेला, मी मागोमाग गेले. पंखा चालू होता. त्या दिवशी लाईट परत आली तेव्हा आपोआप सुरू झाला, आणि बटण तुझ्या मागच्या खोलीत. तिथे तुझ्या माहेरच्या बाया बसलेल्या, मी आत गेले नाही. कोंबड्या चाळीखाली गेल्यावर खुराड्याकडे कोणी फिरकलं नाही. एवढे दिवस तुझं सुतक चाललं होतं आणि पंखा रिकाम्या खुराड्याला वारा घालत होता. जाळीत बारीक पिसं अडकलेली, पात्यांवर कोंबड्यांची धूळ बसून काळी झालेली. दिनू वाकला. त्याने वायरवर हात ठेवला आणि हात सरकवत सरकवत तुझ्या खिडकीपर्यंत गेला. मग तिथेच उभा राहिला.

“पहिल्यापासून इथंच व्हता?”

“पाडव्यानंतर थोड्या दिवसांनी.”

“आणि आई?”

“दार उघडं टाकून झोपायची.”

त्याने खिडकीतून हात घालून वायर उपटली. पंखा हळूहळू थांबला. पोरगा विटांवर बसला. रडला नाही, नुसता खुराड्याकडे बघत बसला. त्याच्या हातचं खुराडं. मग म्हणाला, “घाटावर बोलली का नाय तू?”

“तू ऐकलं असतं?”

त्याने विचार केला. खोटं बोलायला त्याला जमत नाही, ते तुझ्याकडून आलेलं नाही. “नाय,” म्हणाला.

मग माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी चहा ठेवला. त्याने पंखा माझ्याकडे सरकवला, “राहू दे तुला.” मी म्हटलं, “मला दम लागत नाय. घेऊन जा, शोभा थांबलीय.” त्याने पंखा पुसला, पिसं एक एक करून काढली. चाळीपाशी जाऊन वाकून कोंबड्या बघितल्या. जाताना म्हणाला, “रविवारी येतो मोठी आई. खुराडं मोडून टाकू. चाळीला खालून जाळी मारू, वारा राहील आणि मुंगूस यायचं नाय.” एवढी साधी गोष्ट. तुला सुचली नाही, मला सुचली नाही. इतकी वर्षं आपण दोघी फक्त कोण बरोबर ते ठरवत बसलो.

शोभाने फोन केलेला नाही. करेल किंवा न करेल.

तांबडीची अंडी त्या दिवशीच गेली होती. मी पेरूच्या झाडाखाली पुरली. ती अजून रोज दुपारी चाळीखालून निघून खुराड्याकडे चालायला लागते, आणि मला उन्हात उठून तिला धरून आणावं लागतं. धरलं की चोचते. चप्पल घालून जाते मी, डोक्यावर ओलं फडकं घेते, आणि तुझ्या नावाने जे बोलायचं ते बोलत जाते. पूर्वी कोंबडीला बोललं की भिंतीपलीकडून उत्तर यायचं. आता कोंबडीला बोललेलं फक्त कोंबडीच ऐकते. याचाही मला रागच येतो.

त्या दुपारी तू मेलीस आणि तुझा कोंबडा मेला. हिरव्या चिंधीच्या कोंबड्या सगळ्या जगल्या. माझ्या सगळ्या जगल्या. तांबडी जगली. मी जगले.